पूर्णेच्या पोरांसाठी किती खाने?

मराठवाड्यातल्या पूर्णा जंक्शनच्या आसपासच्या गावांत मुलांच्या मनाचं निदान फार काळ मोजक्या शब्दांत उरकायचं: हूड, मठ्ठ, घुमं, नाहीतर 'बाहेरचं काहीतरी'. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला त्याच वर्षी, १९४८ मध्ये, जागतिक रोगवर्गीकरणात मानसिक आजारांचा पहिल्यांदा समावेश झाला. मुलांना त्यात नावापुरती जागा होती. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्येच अकरा मुलांचं वर्णन करून स्वमग्नता दाखवली होती; पण अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत तिला स्वतंत्र स्थान मिळायला १९८० उजाडलं.

मधल्या काळात बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरलेला आग्रह मला या साऱ्या प्रवासात सर्वांत मोलाचा वाटतो. मुलाला एकच शिक्का मारू नका. त्याचा त्रास, बुद्धी, शरीराचे आजार, घरची परिस्थिती यांची वेगवेगळी नोंद करा. कारण एखाद्याची समजच कमी असते, दुसऱ्याला अक्षरं लागत नाहीत, तिसरं बापाच्या माराच्या धास्तीनं गप्प झालेलं असतं, आणि तिघांच्याही प्रगतिपुस्तकावर लाल रेघा सारख्याच.

आपल्याकडे नोंदीचे हे खाने कायद्यातून आले, तेही रेंगाळत. १९९५च्या अपंग कायद्यात सात प्रकार. मतिमंदत्व होतं, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता नव्हत्या. महाराष्ट्रानं १९९६ पासून अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती दिल्या, ही मोठीच गोष्ट; पण तपासणीची सोय तेव्हा मुख्यतः मुंबईत. पूर्णेच्या शेतमजुरानं रात्रीची गाडी, मुक्काम आणि बुडालेली मजुरी कुठून सोसायची? स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता हे दोन्ही प्रकार अपंगत्वाच्या यादीत आले ते २०१६च्या कायद्यानं. त्याआधी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत जाऊन विकासातला विलंबही तपासू लागली. तालुक्याच्या दृष्टीनं हा बदल कायद्याहून मोठा.

जागतिक रोगवर्गीकरणाच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत स्वमग्नता, अतिचंचलता, अध्ययन आणि बौद्धिक अडचणी एकाच विकासात्मक गटात आहेत. पण वयात येणाऱ्या मुलांची उदासी, धास्ती अजूनही 'नखरे' म्हणून झटकली जाते. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यांत नव्हता.