सायकल वळणावर का घसरते?

तुम्ही सायकलवरून सास्तूरहून माकणीकडे निघाला आहात. वाटेत वळण आले. चाल तुम्ही तेवढीच ठेवली. मग त्वरण आहे की नाही? घाईने 'नाही' लिहू नका. वेगाला दिशाही असते आणि वळणावर ती क्षणोक्षणी बदलते. म्हणून त्वरण आहे, आणि ते वळणाच्या केंद्राकडे आहे. उर्दूत आपण त्याला इसरा म्हणतो.

पण सायकलला केंद्राकडे ढकलते कोण? टायर आणि सडक यांच्यातील घर्षण, म्हणजे आपली रगड! घर्षण अडवते एवढेच आपल्या लक्षात राहते. इथे तर तेच आपल्याला वळवते.

समजा, वळणाची त्रिज्या 10 मीटर आहे. कोरड्या सडकेचा घर्षणगुणांक 0.5 आणि गुरुत्वत्वरण 10 धरा. तिघांचा गुणाकार 50. हा जास्तीत जास्त चालीचा वर्ग. वर्गमूळ सुमारे 7. म्हणजे सेकंदाला 7 मीटर, तासाला सुमारे 25 किलोमीटर.

आता पाऊस पडला. शेतातली काळी माती चाकांबरोबर सडकेवर आली. गुणांक 0.1 झाला असे धरा. पुन्हा गणित करा. उत्तर तासाला जेमतेम 11 किलोमीटर!

मागे मित्र बसला तर? पुष्कळ मुले इथे उत्तर बदलतात. पण वस्तुमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असते, म्हणून ते निघून जाते. उत्तर तेच राहते.

मात्र ब्रेक वळणाच्या आधीच दाबा. वळताना दाबलात, तर काही घर्षण सायकल थांबवण्यात खर्च होते आणि वळवायला कमी उरते.