काळं पंच आणि बाळंतिणीची ताकद

रात्री साडेअकराला फोन वाजला. लंडनहून धाकटी बहीण बोलत होती. तिचा मुलगा तेव्हा पाच आठवड्यांचा होता आणि आई बाळंतपणासाठी तिकडेच गेलेली होती. "ताई, आटवलेलं दूध, जायफळ, दालचिनी घातलेलं पेय बाळंतिणीला चालतं ना?" तिनं विचारलं.

"चालेल की! अगदी चांगलं," मी झोपेतच म्हटलं.

"आणि त्यात बियर असेल तर?"

मैत्रिणींनो, माझी झोप उडाली हे सांगायला नकोच!

झालं होतं असं. बहिणीच्या समोरच्या घरात जमैकाच्या एक आजी राहतात. बाळ झाल्यापासून त्यांचा जीव वरखाली. त्या संध्याकाळी त्या पदार्थाची बाटली फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. "रोज एक पेला घे. अंगात ताकद येईल, दूधही भरपूर येईल. मी माझी चार मुलं याच्यावरच वाढवली," असं सांगून गेल्या. आईनं बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि म्हणाली, "अगं, हे तर श्रीखंडासारखं वासाला!" नंतर कळलं की त्यात काळी, कडू, कडक बियर आहे. तिला स्टाउट म्हणतात.

मला वाटलं, आई तरी 'नको' म्हणेल. पण आई फोनवर शांतपणे म्हणाली, "घेऊ दे की थोडं. मला नव्हती का तुझ्या आजीनं चमचा चमचा ब्रँडी दिली? तुम्ही दोघी काय वाईट वाढलात?"

आता यावर काय बोलणार? आपल्यापैकी कितीजणींच्या घरी बाळंतिणीला ब्रँडी दिली गेली असेल, आठवून बघा. 'सर्दी होऊ नये', 'अंग भरावं' म्हणून. ज्या घरात एरवी दारूचं नाव काढलं जात नाही, त्या घरातही ती औषधाच्या कपाटात असायची. तेव्हा जमैकाच्या आजींना नावं ठेवण्याआधी आपल्या आज्या आठवलेल्या बऱ्या. मी दोन दिवस वाचन केलं, आमच्या डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्यातलं जे कळलं ते आज तुम्हांला सांगते, पाककृतीसकट.

हे पंच आलं कुठून?

वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा १९७१ सालचा क्रिकेटचा दौरा आठवतो. अजित वाडेकरांचा संघ, सरदेसाईंची फलंदाजी आणि पदार्पणाच्या मालिकेतच गावसकरांच्या ७७४ धावा! त्याच बेटांवर, जमैकात आणि त्रिनिदादमध्ये, हे पंच घराघरांत होतं. त्यातली प्रत्येक वस्तू कुठून ना कुठून बोटीनं आलेली आहे, हीच त्यातली गंमत.

काळी बियर आली आयर्लंडहून. डब्लिनमधल्या गिनेसच्या कारखान्यात १८०१ साली खास वेस्ट इंडीजला पाठवण्यासाठी एक पोर्टर बियर करू लागले. लांबच्या प्रवासात ती खराब होऊ नये म्हणून त्यात कडवट हॉप्स जास्त घालत आणि तिचा कडकपणाही वाढवत. आजही त्या घराण्यातल्या निर्यातीच्या स्टाउटमध्ये साडेसात टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो. म्हणजे साध्या बियरपेक्षा दीडपट कडक. तिचा काळा रंग आणि कॉफीसारखा कडवटपणा येतो तो काळपट होईपर्यंत भाजलेल्या जवामुळे.

डब्यातलं आटीव गोड दूध ही अमेरिकेतल्या गेल बॉर्डन यांची देणगी. त्यांनी १८५६ साली त्याचं पेटंट घेतलं. उष्ण बेटांवर फ्रीज नसण्याच्या दिवसांत हे दूध टिकायचं, म्हणून तिथल्या स्वयंपाकघरात ते कायमचं शिरलं. जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं. ते वेस्ट इंडीजमध्ये इतकं रुजलं की ग्रेनाडा देशाच्या झेंड्यावरच जायफळ आहे! आपल्या कोकणातही नारळाच्या बागेत जायफळाची झाडं असतात, तेव्हा तो वास आईला ओळखीचा वाटला यात नवल नाही.

१९४८ नंतर जमैकातली खूप माणसं नोकरीधंद्यासाठी इंग्लंडला गेली, आणि त्यांच्याबरोबर हे पंचही गेलं. अशा रीतीनं ते आमच्या घरातल्या बाळंतिणीपर्यंत पोचलं.

ताकद येते का हो?

'गिनेस तुमच्यासाठी चांगली' अशा अर्थाची जाहिरात इंग्लंडमध्ये १९२९ पासून झळकत होती. काळा रंग म्हणजे लोह, लोह म्हणजे रक्त, असं समीकरण लोकांच्या मनात पक्कं बसलं. प्रत्यक्षात त्या काळ्या रंगात लोह अगदीच नगण्य असतं. पंच प्यायल्यावर तरतरी वाटते ती दूध आणि साखरेमुळे. आटीव दुधाच्या डब्यात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखरच असते! आणि बरं वाटतं ते थोडं नशेमुळे.

आता दुधाचं. यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. जवातला एक घटक दूध तयार करणारं संप्रेरक वाढवतो, असं काही संशोधकांचं मत आहे. म्हणजे आजींच्या अनुभवात थोडं तथ्य असूही शकेल. पण तो गुण जवाचा, दारूचा नव्हे. दारू नेमकं उलट करते. दूध पान्ह्याला आणणारं ऑक्सिटोसिन नावाचं जे संप्रेरक असतं, त्याला दारूमुळे अडथळा येतो, आणि बाळाच्या पोटात दूध कमी जातं. शिवाय आईच्या रक्तात जितकी दारू, जवळजवळ तितकीच तिच्या दुधात उतरते. पाच आठवड्यांच्या बाळाचं यकृत ते केवढं! गरोदरपणात तर एक घोटसुद्धा सुरक्षित मानत नाहीत. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्टच सांगितलं की आरोग्याच्या दृष्टीनं दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही.

ब्रँडीच्या चमच्यालाही हेच सगळं लागू आहे, हे वेगळं सांगायला नको.

मग आजींना सांगायचं कसं?

खरा पेच हाच होता. परक्या देशात जिनं आपणहून दार वाजवलं, तिचं प्रेम परत कसं करायचं? बहीण म्हणाली, "बेसिनमध्ये ओतून टाकते आणि छान झालं होतं म्हणून सांगते." मी म्हटलं, तसं करू नकोस. त्या उद्या दुसरी बाटली आणतील. किती वेळा खोटं बोलशील?

शेवटी तिनं धीर करून खरं सांगितलं. "बाळ अंगावर पितंय, डॉक्टर बियर नको म्हणतात. पण तुमच्या हातचं दुसरं काही प्यायला मला फार आवडेल." आजी जरा वेळ गप्प बसल्या. आता रागावणार, असं बहिणीला वाटलं. मग त्या म्हणाल्या, "माझ्या नातीनंही मला हेच सांगितलं होतं. तिला वाटतं म्हातारीला काही कळत नाही." दुसऱ्या दिवशी त्या ओट्स, शेंगदाणे आणि जायफळ घातलेलं पंच घेऊन आल्या. बदल्यात आईनं त्यांना अळिवाचा लाडू दिला. पहिली बाटली आमच्या जावईबापूंनी दोन रात्रींत संपवली!

त्या आठवड्यात आईचा पुन्हा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "खरं सांगू का, त्या ब्रँडीनं मला काही ताकद आली नसेल. पण चमचा द्यायला तुझी आजी रोज रात्री माझ्याजवळ येऊन बसायची. दिवसभरात तेवढंच कुणी मला विचारायचं."

मैत्रिणींनो, मला वाटतं औषध होतं ते हेच.

बिनबियरचं काळं पंच (चार पेले)

आजींच्या पंचाची चव आणि रंग साधेल असं, पण दारूचा थेंबही नसलेलं पंच मी घरी करून पाहिलं. चार वेळा केल्यावर प्रमाण जमलं.

साहित्य: ४ टेबलचमचे जव (काही घरी यालाच सातू म्हणतात), २ टेबलचमचे ओट्स, ४ कप पाणी, अर्धा कप आटीव गोड दूध, १ कप थंड साधं दूध (उकळून गार केलेलं), पाव चहाचा चमचा जायफळपूड, पाव चमचा दालचिनीपूड, अर्धा चमचा व्हॅनिला, चिमूटभर मीठ.

कृती: जव कोरडेच मंद आचेवर गडद तपकिरी होईपर्यंत भाजा. सतत हलवत राहा, करपले तर कडवट राख लागते. गार झाल्यावर मिक्सरमध्ये भरड काढा. चार कप पाण्यात ही भरड घालून पाणी निम्मं होईपर्यंत उकळा, गाळा आणि फ्रीजमध्ये अगदी थंड करा. ओट्स साध्या दुधात अर्धा तास भिजवा. मग ओट्स, दूध, आटीव दूध, मसाले, व्हॅनिला आणि मीठ मिक्सरमधून गुळगुळीत फिरवा. त्यात जवाचा काढा घालून पुन्हा एकदा फिरवा. वरून जायफळ किसून द्या.

मूळ पंच (पाहुण्यांसाठी, चार लहान पेले)

घरी मोठी माणसं बियर घेत असतील तर मूळ कृतीही देते. कडक स्टाउटची ३३० मिलीलिटरची एक बाटली, अर्धा कप आटीव दूध, एक कप थंड दूध आणि वरच्याप्रमाणेच मसाले. सगळं बर्फासारखं थंड हवं. बियर आंबट असते, त्यामुळे कोमट झाली की दूध फाटण्याचा संभव असतो. आधी दूध व मसाले फिरवून घ्या. बियर मिक्सरमध्ये घालू नका, फेसानं झाकण उडतं. पातेल्यात हळूहळू ओतून चमच्यानं ढवळा आणि लगेच प्यायला द्या, उरवून ठेवू नका.

लक्षात ठेवा

* गोडीमुळे बियरचा कडकपणा जाणवत नाही. म्हणून मुलांच्या हाती लागेल असं फ्रीजमध्ये ठेवू नका. दोन्ही पंचं एकाच वेळी केलीत तर भांड्यांवर चिठ्ठ्या लावा.

* गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका, झोपेची, मधुमेहाची वा इतर औषधं चालू असलेली माणसं आणि गाडी चालवणारे, यांना मूळ पंच देऊ नका.

* मधुमेह असेल तर बिनबियरचंही बेतानंच. आटीव दुधाऐवजी साधं आटवलेलं दूध घाला.

* काहीजण यात कच्चं अंडं घालतात. ते टाळलेलंच बरं.

* जायफळ जास्त झालं तर गरगरतं. पाव चमचा चौघांना पुरे.

* महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, बियरसाठी वय एकवीस पूर्ण हवं.

आणि तुमच्या शेजारी, नात्यात कुणी बाळंतीण असेल तर आजच हे जवाचं पंच नाहीतर अळिवाची खीर घेऊन जा. पेला टेबलावर ठेवून लगेच निघू नका. ती पिऊन होईपर्यंत जवळ बसा आणि आधी तिची चौकशी करा, मग बाळाची.