दोन भाऊ आणि धर्माचा उंबरठा

नाताळचा सण जवळ आला, की महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती मंदिरांत भजनांचे सूर घुमू लागतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदे ऐकताना नवागत हिंदू पाहुण्यासही ती चाल आपल्या घरची वाटते. मात्र स्कॉटिश परंपरेच्या प्रेस्बिटेरियन मंदिरात गाभारा नाही, मूर्ती नाही; साधे मेज, व्यासपीठ आणि बायबल एवढेच दृष्टीस पडते. ‘प्रेस्बिटर’ म्हणजे वडील. मंडळीचा कारभार बिशपाकडे नसून तिने निवडलेल्या वडीलजनांकडे असतो, म्हणून हे नाव.

उपासनेस कोणीही बसावे, त्यास मज्जाव नाही. मंडळीत सामील होणे मात्र निराळे. त्यासाठी शिक्षण घ्यावे लागते, वडीलजनांच्या प्रश्नांस उत्तरे द्यावी लागतात, सर्वांसमक्ष श्रद्धा प्रकट करून बाप्तिस्मा घ्यावा लागतो. नंतरच प्रभुभोजनाचा अधिकार. आज हे शांतपणे घडते. १८४३ साली या उंबरठ्यावर एक ब्राह्मण कुटुंब दुभंगले.

त्या वर्षी मुंबईत नारायण शेषाद्री या तरुणाने स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत सुमारे बारा वर्षांचा. तोही नेस्बिट यांच्या घरी राहिला. पित्याने सुप्रीम कोर्टाकडे धाव घेतली आणि अजाण वयाचा मुलगा पित्याच्या स्वाधीन झाला.

परंतु घरी परतलेल्या श्रीपतला स्वजातीचे दार बंद होते! मिशनऱ्यांच्या घरी अन्न घेतलेल्या मुलास पंक्तीस कसे घ्यावे? तेव्हा ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पुढे आले. प्रायश्चित्त देऊन मुलास स्वधर्मात घ्यावे, हा पक्ष त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करून लढविला. गेलेल्याबद्दल शोक करणारा समाज आलेल्यास जवळ करीत नसेल, तर त्या शोकाचा अर्थ काय, हाच प्रश्न त्यांनी जणू समाजापुढे ठेवला.

नारायणराव परतले नाहीत. धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क बुडू नये, असा कायदा व्हावयास १८५० साल उजाडावे लागले; तत्पूर्वी दीक्षा घेणाऱ्याने आप्तांबरोबर इस्टेटीचीही आशा सोडावयाची असे. पुढे ते धर्मोपदेशक झाले. जालन्याजवळ त्यांनी ‘बेथेल’ ही वसाहत उभारली. तेथे आलेल्यांत मातंग समाजाचे लोक बहुसंख्य होते. १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेतही ते उपस्थित होते. ज्यांची सावलीही एरवी वर्ज्य मानली जाई, त्यांच्यासह एका मेजावर बसणारा हा ब्राह्मण आपल्या समाजास विचार करावयास लावणारा होता.

१९७० साली नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. प्रेस्बिटेरियन परंपरेबरोबर ब्रदरन परंपराही त्यात मिळाली. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतून खाली डहाणूकडे गेलेल्यांना ब्रदरन मिशनचे रुग्णालय परिचित असेल.

शेषाद्री बंधूंपैकी एकाने श्रद्धेपोटी घर सोडले. दुसऱ्यास घरी आल्यावरही घर मिळविण्यासाठी झगडावे लागले. आपल्या देवघरातील समई तेवत ठेवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने या दोघांचे स्मरण करावे. श्रद्धा ज्याची त्याने जपावी. माणसासाठी दार मात्र उघडे असावे.