बाटलीतला तपकिरी रंग

‘खामचा काठ आता छान दिसतो, पण नदी सुधारली हे ओळखायचं कसं?’ छत्रपती संभाजीनगरच्या एका वाचकाचा प्रश्न. बिनतोड आहे, कारण काठ आणि नदी या दोन वेगळ्या गोष्टी.

महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक कंपनी आणि इकोसत्त्व ही पर्यावरणावर काम करणारी संस्था यांनी मिळून खाम पुनरुज्जीवनाचं काम हाती घेतलं. एकत्र येण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. नदीच्या एका अंगाला छावणी, दुसऱ्या अंगाला शहर. एकाने काठ झाडायचा आणि दुसऱ्याच्या नाल्याने रात्रीत घाण आणून ओतायची, याला काय अर्थ? डब्ल्यूआरआय रॉस सेंटरच्या जागतिक पुरस्कारासाठी २०२३-२४ च्या फेरीत हे काम अंतिम पाचांत पोचलं. कौतुक आहेच. पण भिंतीवरची चित्रं फोटोत येतात, पाण्यातला ऑक्सिजन येत नाही.

तो दिसतो एका बाटलीत. ही किमया हंगेरीच्या लायोश विंकलरची, १८८८ सालची. तेव्हा तो अवघा पंचविशीचा होता. पाण्याच्या प्रत्येक प्रयोगशाळेत त्याची पद्धत शिकवतात, पण त्याचं नाव परीक्षेपुरतंच उरतं. आमच्या कॉलेजात सर ओरडायचे, ‘बुडबुडा राहिला तर बाटली ओतून द्या!’ काठोकाठ भरलेल्या बाटलीत आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कधर्मी आयोडाइड. नळाच्या पाण्यात चहाच्या रंगाचा साका हळूहळू खाली बसला. नाल्याच्या पाण्यात तो बसला पांढराफटक, पातळ दह्यासारखा. ऑक्सिजनच नाही, तर मँगनीजला रंग चढणार कशाने? आमच्यातल्या एकाने त्या दिवसापासून नाल्याकाठची पाणीपुरी सोडली. (मी नाही.)

स्वच्छ पाणी २५ अंशांना लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरून ठेवतं. सांडपाणी आलं की जिवाणू त्यावर ताव मारतात आणि जेवताना हा ऑक्सिजन फस्त करतात. तो परत यायला पाणी खळाळावं लागतं. खामच्याच काठी पाणचक्कीत नहरेचं, म्हणजे जुन्या कालव्याचं, पाणी उंचावरून हौदात कोसळतं, तेव्हा उठणारा पांढरा फेस म्हणजे हवा पाण्यात मिसळण्याचं कामच. भिंतीपलीकडची नदी मात्र संथ.

जिवाणूंची ही भूक मोजायची म्हणजे बीओडी. बाटली अंधारात पाच दिवस ठेवायची, आधीचा आणि नंतरचा ऑक्सिजन पाहायचा. पाचच का? सांडपाण्यावर नेमलेल्या ब्रिटिश रॉयल कमिशनने विचार केला की, इंग्लंडातल्या नदीचं पाणी पाच दिवसांत समुद्राला मिळतंच. पुढचं समुद्र बघून घेईल! वरकड मापांसारखंच हेही माप आपल्याकडे आलं आणि रुळलं. प्रयोगशाळेच्या सोयीने २७ अंशांवर तीन दिवसांची चाचणीही इथे करतात, पण हिशेब तोच.

खामला इंग्लंडातल्या नद्यांची घाई नाही. ती गोदावरीला मिळते, पण बंगालचा उपसागर दूर, मध्ये जायकवाडीची भिंत. पाणी त्या भिंतीमागच्या जलाशयात, नाथसागरात, थांबतं. आणि शहर पाणी पितं ते मुख्यतः नाथसागराचं. शुद्धीकरण करून, अर्थात.