चित्र फुटतं तेव्हा दोष वायरीचाच असतो का?

जळगाव आणि धुळे ही शहरं केबल डिजिटायझेशनच्या तिसऱ्या टप्प्यात आली. त्या टप्प्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती. आजूबाजूची खेडी चौथ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१७ पर्यंतच्या मुदतीत आली. टीव्हीशेजारी डबा आला, पडद्यावरच्या मुंग्या गेल्या आणि त्यांच्या जागी चौकोन आले. यंत्रणा मुळापासून बदलली, पण चित्र बिघडलं की आपण कारणं शोधतो ती अजून मुंग्यांच्या काळातलीच.

त्यातला सर्वांत पक्का समज असा, की गल्लीत जोडण्या वाढल्या की सिग्नल वाटला जातो आणि चित्र अडकतं. घरापर्यंत येणाऱ्या शेवटच्या वायरीपुरतं यात तथ्य आहे. स्प्लिटर वाढले की सिग्नलची पातळी घटतेच. हेडएंडमधल्या, म्हणजे केबलचालक जिथून चॅनल पुढे सोडतो त्या केंद्रातल्या, नेटवर्कला मात्र हा हिशेब लागू नाही. गिरणेच्या पाटाचं पाणी दहा शेतांत वळवलं की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. हेडएंडमधल्या मल्टिकास्ट नावाच्या पद्धतीत तसं होत नाही. चॅनलचा प्रवाह एका गट-पत्त्यावर एकदाच पाठवला जातो आणि जिथे फाटा फुटतो तिथे स्विच (नेटवर्कच्या तारा जोडणारं उपकरण) त्याची प्रत काढतो. पाहणारे दहा असोत की दहा हजार, मूळ तारेवर भार एकाच प्रवाहाचा. स्टीव्ह डीअरिंग यांनी ऑगस्ट १९८९ मध्ये आरएफसी १११२ या दस्तऐवजात ही पद्धत मांडली. २२४ पासून २३९ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारे आयपी पत्ते त्यासाठीच राखलेले आहेत.

मोबाईलवरची मॅच याच्या अगदी उलट चालते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते आणि प्रत्येक फोनसाठी वेगळी प्रत पाठवावी लागत होती. खुल्या इंटरनेटवर मल्टिकास्ट चालत नाही. ते चालतं ते केबलचालकाच्या स्वतःच्या नेटवर्कमध्ये.

आता ज्या गैरसमजापायी सगळ्यात जास्त पैसा वाया जातो, त्याकडे येऊ. "हेडएंडमधलं यंत्र तापतं म्हणून चॅनल बंद पडतात." जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे हे कोणालाही पटतं. यंत्र बंद करून चालू केलं की चित्र येतं, चार-साडेचार मिनिटांनी जातं. मग पंखा लावायचा, एसी बसवायचा, शेवटी नवं यंत्र आणायचं. पण बंद पडण्याची वेळ दर खेपेला तीच असेल, तर संशय उन्हावर घेऊ नये.

स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग नावाची सोय असते. कोणत्या पोर्टवरच्या यंत्राने कोणता चॅनल मागितला आहे, याची ती नोंद ठेवते आणि तेवढेच प्रवाह तिकडे सोडते. नोंद जिवंत राहावी म्हणून नेटवर्कमधल्या एका उपकरणाने ठरावीक वेळाने सगळ्यांना विचारायचं असतं, "अजून कोणाला काय हवं आहे?" या विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात. नेहमीच्या मांडणीत तो दर १२५ सेकंदांनी विचारतो. अशा दोन फेऱ्या आणि उत्तरासाठीचे १० सेकंद मिळून २६० सेकंद उत्तर आलं नाही, तर स्विच नोंद पुसतो. २६० सेकंद म्हणजे ४ मिनिटं २० सेकंद. नेटवर्कमध्ये क्वेरिअरच नसेल तर कोणी विचारत नाही, म्हणून कोणी उत्तर देत नाही आणि चांगला चाललेला चॅनल त्याच मिनिटाला गळतो. रीस्टार्ट केल्यावर यंत्र आपली मागणी नव्याने नोंदवतं, म्हणून पुन्हा चार मिनिटं चित्र दिसतं. यावरचा उपाय स्विचच्या सेटिंगमध्ये एका ओळीचा आहे: क्वेरिअर चालू करणे. एवढी साधी गोष्ट ठाऊक नसल्याने कोणाला नवं यंत्र विकत घ्यावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

कंटाळून काही जण स्नूपिंगच बंद करतात. चित्र येतं, पण मग प्रत्येक प्रवाह प्रत्येक पोर्टवर ओतला जातो. समजा ३०० साधे चॅनल प्रत्येकी २ एमबीपीएसचे आणि ६० एचडी चॅनल प्रत्येकी ६ एमबीपीएसचे आहेत. बेरीज ९६० एमबीपीएस. एक गिगाबिटचा पोर्ट तिथेच भरतो, आणि बिलिंगचा संगणक ज्या १०० एमबीपीएसच्या पोर्टवर आहे तो तर गुदमरतोच.

स्थानिक चॅनलबद्दलचा समज मला अन्यायाचा वाटतो. गावच्या बातम्या दाखवणारा चॅनल फुटला की "लोकल माल, असंच चालणार" म्हणून लोक सोडून देतात. त्याचा एन्कोडर, म्हणजे चित्राचा डिजिटल प्रवाह बनवणारं यंत्र, बरेचदा उत्तम असतो. घोळ पत्त्यात असतो. स्थानिक एन्कोडरला दिलेला गट-पत्ता बाहेरून येणाऱ्या एखाद्या चॅनललाही असेल, तर दोन प्रवाह एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही फुटतात. पत्ते वेगळे दिसले तरी निर्धास्त राहू नये. आयपी पत्त्याचं हार्डवेअर पत्त्यात रूपांतर होताना शेवटचे २३ बिटच घेतले जातात, त्यामुळे ३२ गट-पत्ते एकाच हार्डवेअर पत्त्यावर येतात. २३९.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ हे जुन्या पद्धतीच्या स्विचला एकच. एक मागितला की दोन्ही येतात आणि पोर्टवर नको तो भार पडतो. नव्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा झाली ती इथे: स्विच पूर्ण आयपी पत्ता पाहून प्रवाह पाठवतो, आणि २००२ मध्ये आलेल्या आयजीएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीमुळे यंत्राला "हा गट, पण फक्त या स्रोताकडून" असं सांगता येतं.

फायबर म्हणजे खात्री, हाही समज तपासायला हवा. हे प्रवाह बहुधा यूडीपीवर चालतात. त्या पद्धतीत हरवलेलं डेटाचं पाकीट पुन्हा मागवलं जात नाही. एका पाकिटात १८८ बाइटचे सात तुकडे असतात, म्हणजे एक हरवलं की सात गेले. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटणं आपल्याकडे नवलाचं नाही. म्हणून काही उपकरणांत एकच प्रवाह दोन वाटांनी घेण्याची सोय असते. समजा एक वाट मनमाड–चाळीसगाव–पाचोऱ्याकडून जळगावात आली आणि दुसरी धुळे–पारोळा–एरंडोलकडून. एकीत हरवलेलं पाकीट यंत्र दुसरीतून उचलतं आणि पडद्यावर काहीच कळत नाही. वाटा खरोखर वेगळ्या हव्यात. एकाच नळीतल्या दोन तारांचा उपयोग नाही.

"चालतंय ना, मग सॉफ्टवेअरला हात लावू नका," ही सूचना भीतीतून येते आणि भीती अनाठायी नाही. मॅचच्या दिवशी अपडेट करणं धोक्याचंच. पण आधी सेटिंगची प्रत काढून ठेवावी, जुनी आवृत्ती हाताशी असावी, मध्यरात्रीनंतर एकाच यंत्रावर करून दोन दिवस पाहावं आणि मगच बाकीच्यांना लावावं.

नवं यंत्र घेण्याआधी एक तपासणी कराच. प्रवाहाच्या प्रत्येक तुकड्यावर ० ते १५ असा फिरता क्रमांक असतो. तो मधेच तुटला की मोजणी-यंत्रावर सीसी एरर दिसते. ती आधी हेडएंडमध्ये प्रवाह शिरतो तिथे मोजावी, मग स्विचनंतर. आत येतानाच एरर असेल तर बाहेरून फीड पुरवणाऱ्याला फोन करावा. आत स्वच्छ आणि स्विचनंतर खराब असेल तर दोष स्विचमध्ये, त्याच्या सेटिंगमध्ये किंवा तिथल्या जोडणीत शोधावा. दोन्हीकडे स्वच्छ असूनही घरी चौकोन दिसत असतील, तेव्हा शिडी घेऊन खांबाकडे निघावं.