मोती तलावाकाठचा जांभा आणि जुन्या छायाचित्रकाराची नजर

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, वेंगुर्ले ही बंदरे पाहून परतणाऱ्या पुष्कळांना सावंतवाडी ही केवळ वाटेवरची पेठ वाटते. परंतु नरेंद्र डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या आणि भोसले घराण्याच्या संस्थानाची राजधानी म्हणून वाढलेल्या या नगराला, मधोमध पसरलेल्या मोती तलावामुळे व त्याच्या काठच्या राजवाड्यामुळे, जी रेखीव ठेवण लाभली आहे ती कोकणात क्वचितच आढळते. राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला (१७५५–१८०३), तलाव १८७४ चा आणि वाड्याचा लेस्टर दरवाजा १८९५ चा. म्हणजे तलाव व दरवाजा बांधले गेले तेव्हा छायाचित्रणकला मुंबई इलाख्यात चांगलीच रुजली होती.

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या कार्यकारी मंडळावर डॉ. नारायण दाजी आले. ते डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू. त्यांचे घराणे सावंतवाडीच्या शेजारच्या पेडणे महालातले. नक्षानविसांच्या हातच्या रेखाटनांपेक्षा छायाचित्रे अधिक विश्वसनीय, असे कंपनी सरकारचे मत झाल्यामुळे १८५५ मध्ये कॅप्टन टॉमस बिग्ज यांची इलाख्यातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामी नेमणूक झाली; त्यांची व दुसरे छायाचित्रकार डॉ. पिगू यांची विजापूर-धारवाडकडील चित्रे १८६६ साली ग्रंथरूपाने बाहेर पडली.

त्या काळच्या छायाचित्रकारांचा सरंजाम अवजड असे. ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडियन ओतून ती रौप्यद्रावणात बुडवावी, ओली असतानाच तिच्यावर चित्र घ्यावे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत ते उमटवावे, असा क्रम असल्याने छायाचित्रकार तिवई कोठे रोवावी याचा विचार फार वेळ करी, आणि एकदा रोवलेली तिवई सहसा हलवीत नसे. काच बराच वेळ उघडी राहिल्याने वाटेवरून जाणारी माणसे तीवर उमटत नसत, पाण्यावरच्या लहरी पुसल्या जात. उरे ती वास्तू.

त्या काळच्या काचांचा आणखी एक धर्म कोकणच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. निळा प्रकाश त्यांना लवकर भावे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे आकाश पांढरेफटक, झाडी काळी आणि जांभ्याची भिंत काळसर उमटे. वरवर हा दोषच. पण जांभ्याचा तांबडा रंग एकदा बाजूला झाला, की आपली दृष्टी कमानींच्या मापांकडे, कौलारू छपरांच्या उतारांकडे आणि चुन्याच्या फिकट सांध्यांकडे आपोआप वळते. त्या भिंतीजवळ उभे राहिले, तर दगडाची छिद्रे, त्यांत साचलेली ओल आणि पावसाळ्यानंतर वाळून काळे पडलेले शेवाळ दिसते. या बारीक छायांना तिरप्या उन्हातच उठाव येतो, हे ज्याने काचेवर काम केले त्याला कोणी शिकवावे लागत नसे.

म्हणून सावंतवाडी पाहणाऱ्याने पावसाळा सरल्यावर सकाळच्या उन्हात तलावाचा समोरचा काठ गाठावा, एकच जागा धरून राजवाडा, पाणी आणि डोंगर यांचे परस्परांशी असलेले प्रमाण निरखावे, आणि मगच दरवाजा ओलांडून आतल्या दरबाराकडे व गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, रंगविणाऱ्या कारागिरांकडे वळावे. गावातल्या ज्या घरांत पेटीच्या तळाशी किंवा माजघराच्या भिंतीवर संस्थानी काळातली छायाचित्रे असतील, त्यांनी आजच त्या छायाचित्रांच्या मागे ठिकाण आणि ठाऊक असल्यास साल लिहून ठेवावे; कारण ते सांगू शकणारी वडीलधारी माणसे गेल्यावर उत्तम छायाचित्रसुद्धा दफ्तरी लागण्याच्या कामाचे उरत नाही.