नाशिकचे आफ्रिकी

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये १८ एप्रिल १८७४ रोजी डेव्हिड लिव्हिंगस्टनचा दफनविधी झाला. शवपेटीसोबत चालणाऱ्या आठ मानकऱ्यांत हेन्री स्टॅन्ली होता, जॉन कर्क होता आणि जेकब वेनराइट नावाचा एक आफ्रिकी तरुण होता. लिव्हिंगस्टन मध्य आफ्रिकेत वारला, तेव्हा अंत्यप्रार्थना जेकबनेच वाचली होती आणि तिथल्या झाडाच्या खोडावर मृत्युलेखही त्यानेच कोरला होता. मग तो आणि त्याचे सोबती कित्येक महिने चालत ते शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत घेऊन आले. या जेकबचे शिक्षण झाले होते नाशकात.

चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री नाशकात १८३२ पासून होते. पण क्षेत्राच्या गावात त्यांची डाळ फारशी शिजत नव्हती. बाप्तिस्मा घेतला की घर, विहीर, सोयरीक सगळेच तुटायचे. अशा वाळीत पडलेल्यांसाठी विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्याने १८५५ च्या सुमारास शहराबाहेर शरणपूर वसवले. तिथे शाळा होती, अनाथाश्रम होता, सुतारकाम-लोहारकाम शिकवणारे कारखाने होते. आज शरणपूर रोडवर गाडी लावायला जागा शोधणाऱ्याला यातले काही ठाऊक असण्याची शक्यता कमीच.

या वस्तीमागे कंपनी सरकारचे, पुढे राणीच्या सरकारचे बळ होते. धर्म बदलला म्हणून कोणाचा वारसाहक्क जाऊ नये, असा कायदा १८५० मध्येच झाला होता. कायदा न्याय्यच होता, पण त्याचा सर्वाधिक उपयोग कोणाला होणार हेही उघड होते. सरकारी चर्चखात्यातल्या इंग्रज धर्मगुरूंचे पगार हिंदुस्थानच्या महसुलातून निघत. मिशनचे पाद्री त्या पगारावर नव्हते, हे खरे. तरी राज्यकर्त्यांचा देव कोणता, हे सारा भरणाऱ्या कुणब्याला कळायला दवंडी पिटावी लागत नव्हती.

शरणपुरात आफ्रिकी मुले आली ती १८६० च्या आसपासपासून. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडी. सुटका झालेल्यांना एडनमार्गे मुंबईला आणले जाई आणि तिथून मुले मिशनच्या हवाली होत. त्यांची गावे किनाऱ्यापासून शेकडो मैल आत होती, तिकडे परत पाठवली तर पुन्हा पकडली जाण्याचा धोका होता. सुटका खरी होती, पुढचा सगळा बेत मात्र सुटका करणाऱ्यांचा. याओ जमातीचा चेंगविम्बे शरणपुरात मॅथ्यू वेलिंग्टन झाला. कॅरस फरार या मुलाचे आडनाव तर नाशकातल्या जुन्या मिशनरी घराण्याचे. गुलामांच्या व्यापाऱ्याने मुलाचे गाव हिरावले आणि त्याच्या नावाचा निकाल बाप्तिस्म्याच्या वेळी लागला. दोन्हींना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल, पण दुसऱ्याची नोंद फक्त पुण्याच्या खात्यावर करणेही बरोबर नाही.

लिव्हिंगस्टनने १८६५ मध्ये इथून काही मुले आपल्या मोहिमेसाठी नेली आणि रोजनिशीत त्यांच्याविषयी कुरकुर केली. १८७२ मध्ये आणखी काही जण त्याच्याकडे पाठवण्यात आले. जेकब, मॅथ्यू आणि कॅरस त्यांतलेच.

त्यानंतर प्राइस स्वतःच मोंबासाला गेला. तिथे १८७५ मध्ये मुक्त गुलामांसाठी फ्रेअरटाउन ही वसाहत उभी राहिली. नाव अर्थात मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांचे. शरणपूरचे आफ्रिकी तिकडे हलवले गेले. मोंबासात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. इंग्रजी येणारे, हातात कसब असलेले हे लोक शिक्षक झाले, धर्मोपदेशक झाले, कारागीर झाले. वसाहतीचा डोलारा त्यांच्या खांद्यावर होता आणि अधिकार गोऱ्या पाद्र्यांकडे. आपल्या शिक्षणाला साजेसा पगार आणि मान त्यांनी मागितला, तेव्हा पाद्र्यांना ते गर्विष्ठ वाटू लागले. १८८० नंतर तर स्ट्रीटर या गोऱ्या अधीक्षकाने वसाहतीतल्या लोकांना फटके मारल्याचे प्रकरण चौकशीपर्यंत गेले. गुलामीतून सोडवलेल्यांच्या पाठीवर फटके! नाशकात वाढलेला विल्यम जोन्स १८८५ मध्ये चर्चचा डीकन झाला. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला, तेव्हा उरलेला तांडा सुखरूप परत आणला तो या जोन्सने. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासातच राहिला आणि १९३५ मध्ये तिथेच वारला.

पैसा आणि सूत्रे गोऱ्यांच्या हाती, हा तिढा महाराष्ट्रातही होता. कवी नारायण वामन टिळकांचे काही शिक्षण नाशकातले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे माहेर जवळच्याच जलालपूरचे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी उपासना अभंग-ओवीत आणि कीर्तनात आणली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती.

मात्र सगळा दोष मिशनच्या पदरात घालून नाशिकला हात झटकता येत नाहीत. शरणपूर भरले, कारण शहरातली दारे बंद होती. काळाराम मंदिरात प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो १९३० मध्ये, आणि तो वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. ख्रिस्ती संस्थांनी त्यांना आपल्याकडे ओढण्याचा प्रयत्न करून पाहिला. पण चर्चमध्येही जात शिल्लक आहे, हे त्यांनी ओळखले होते. १९५६ मध्ये त्यांनी बुद्धाची वाट धरली.

स्वतंत्र भारतात पारडे फिरले. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला चर्चमध्ये जात चुकत नाही, आणि सरकारी दाखल्यावर ती सापडत नाही.